वेचणीच्या हंगामातलं एक घर : गावपातळीवरच्या बालसंरक्षणाचा प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात दहा वर्षांची मुलगी आणि तिचा वीस महिन्यांचा भाऊ कापूस वेचणीच्या हंगामात दिवसदिवस एकटे घरी राहत होते. मुलीच्या पोटऱ्यांवर वळ होते, हाताला भाजल्याची खूण होती आणि भावाचं वजन तीन महिने जागचं हललं नव्हतं. गावात कोणाला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. गुरुजींना मुलीची गैरहजेरी माहीत होती. अंगणवाडी सेविकेकडे वजनाचा तक्ता होता. आशाताईंना आईचं अंगावर काढलेलं दुखणं ठाऊक होतं. किराणा दुकानदार रोज त्या मुलीच्या हाती बापासाठी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, देत होता. पोलीस पाटलाच्या ओसरीपर्यंत रात्रीचा आरडाओरडा ऐकू जात होता. पाच जणांकडे पाच तुकडे होते, आणि ते एकमेकांना दाखवायला दसऱ्यापासून डिसेंबर उजाडला.

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा प्रकरणातल्या मुलांची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही, मुलांना थोरली आणि धाकटा एवढंच म्हटलं आहे आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. शेजारच्या गावांत दिसलेल्या एकदोन गोष्टीही यात मिसळल्या आहेत.

घर

दोन एकर कोरडवाहू जमीन. त्यात कपाशी, मधल्या ओळींत तूर. बाप आधी एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होता. साल पाडव्याला ठरतं आणि पाडव्याला संपतं. त्या पाडव्याला मालकाने पुन्हा ठेवलं नाही. पिण्याची सवय आधीपासून होतीच, साल सुटल्यावर ती दुपारपासून सुरू व्हायला लागली. आईच्या नावावर दोन फायनान्स कंपन्यांचं ग्रुप लोन. हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या बायका दारात येऊन बसतात, त्यामुळे तो चुकवायची सोय नाही. सासू होती, पण तिला दोन्ही डोळ्यांनी धड दिसत नव्हतं.

वेचणीची मजुरी किलोवर असते. त्या हंगामात दर किलोमागे दहा रुपयांच्या आसपास होता. हात चालणारी बाई दिवसाला पस्तीस-चाळीस किलो वेचते. तान्हं पोर सोबत असलं की त्याला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झोळीत टाकायचं, रडलं की ओळ सोडून जायचं. मग पंचवीस किलोवर येते. शिवाय टोळीतल्या बाकीच्या कुरकुरतात, कारण ओळी बरोबर चालल्या पाहिजेत. पहिल्या वेचणीला आईने धाकट्याला वावरात नेलं होतं. तिथे शेजारच्या शेततळ्याच्या प्लास्टिकवरून तो घसरता घसरता वाचला. त्या दिवसानंतर ती त्याला थोरलीजवळ ठेवून जायला लागली.

म्हणजे पाहा, आईचा निर्णय मुलाच्या जिवासाठीच होता. नंतर तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "घरी राहू तं खाऊ काय, अन् वावरात जाऊ तं पोराले ठेवू कोठी?" या प्रश्नाचं उत्तर देता न येणारा कोणताही माणूस तिला 'निष्काळजी आई' म्हणत असेल, तर त्याने आधी एक दिवस त्या टोळीबरोबर जाऊन यावं.

घरात निम्म्या खोलीत कापूस भरलेला. भाव वाढेल म्हणून तो थांबवून ठेवला होता. मुलं त्याच गंजीशेजारी झोपायची. अंगाला खाज, खाजवून खाजवून धाकट्याच्या मांडीवर खपल्या. कोपऱ्यात फवारणीचा पंप आणि औषधाचे अर्धे डबे. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यानंतर डबे घरात ठेवू नका म्हणून गावोगाव सांगून झालं होतं. पण दोन खोल्यांच्या घरात दुसरी जागाच नसते.

लसीकरणाच्या दिवशी

गावात महिन्यातून एकदा आरोग्य आणि पोषण दिवस भरतो. नर्सबाई येतात, लसी होतात, अंगणवाडीत वजनं होतात. डिसेंबरच्या त्या दिवशी धाकट्याला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर द्यायचा होता. त्याला कडेवर घेऊन थोरली आली. वेळ सकाळी अकराची, शाळेची.

सुई टोचून झाली. पोर रडलं, तिने त्याला खांद्यावर टाकून पाठ थोपटली आणि नर्सबाईंना विचारलं, "सुई देल्यावर ताप येईन तं गोयी किती देऊ, अर्धी का पाव?"

दहा वर्षांच्या मुलीने विचारलेला हा प्रश्न ऐकून अंगणवाडी सेविका थांबली. ताप आल्यावर गोळी किती द्यायची हे विचारणारी व्यक्ती म्हणजे त्या मुलाची खरी सांभाळणारी. सेविकेने दंडाची पट्टी लावली. १२.१ सेंटिमीटर, पिवळा पट्टा, म्हणजे मध्यम कुपोषण. ११.५ च्या खाली गेला असता तर लाल. तक्त्यावर वजन ८.६ किलो, सप्टेंबरमध्येही तेवढंच होतं. या वयात मूल महिन्याला साधारण दोनशे ग्रॅम तरी वाढायला हवं. घरपोच आहाराची पाकिटं त्या घरी नियमित जात होती, नोंदवहीत सही होती. फक्त ती शिजवून, थोडं थोडं करून, दिवसातून चार-पाच वेळा भरवणारं मोठं माणूस घरात नव्हतं.

थोरलीच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. "गंज उतरवताना लागला," म्हणाली. भात शिजवायचा गंज, चुलीवरचा. ते खरंच असावं. पोटऱ्यांवरच्या वळांबद्दल मात्र काहीच बोलली नाही. तुऱ्हाटीने, म्हणजे तुरीच्या वाळक्या काडीने, मारल्यावर जशी बारीक, लांब, एकाशेजारी एक रेघ उठते तसे ते वळ होते, आणि गावात तो आकार ओळखायला डॉक्टर लागत नाही.

समितीत काय झालं

महाराष्ट्रात प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव, सोबत पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशा, गावातली दोनचार माणसं. या गावातही होती. इतिवृत्ताच्या वहीत तिच्या बैठका झालेल्या होत्या. विषय बहुतेक बालविवाह, आणि ठराव जवळपास एकाच मजकुराचे. सेविकेने पहिल्यांदाच एका घराचा विषय काढला, तेव्हा नेमकं काय करायचं हे कोणालाच सुचेना.

सरपंचबाईंच्या वतीने त्यांचे यजमान बोलले. "पोरीले होस्टेलात टाकून देऊ, सुटला विषय." पोलीस पाटलांचं म्हणणं, "दोन ठेवून देतो त्याले, आपोआप सुधरते." म्हणजे मुलीला मारणाऱ्या बापाला मारून शिकवायचं. हा उपाय गावोगाव पहिला सुचतो, आणि त्याचा राग रात्री कोणावर निघतो हे सगळ्यांना माहीत असतं.

होस्टेलचा मुद्दा जास्त सावधपणे तपासावा लागतो, कारण तो सदिच्छेने मांडला जातो. थोरली गेली तर धाकट्याला कोण पाहणार, हा साधा प्रश्न त्या बैठकीत आशाताईंनी विचारला आणि त्याला उत्तर नव्हतं. दुसरं, मुलीला शिक्षा झाल्यासारखं होतं : मार तिने खाल्ला, घरही तिचंच सुटलं. तिसरं, कायद्याचाच तसा आग्रह नाही. बाल न्याय कायद्याच्या मूलतत्त्वांत मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय म्हटला आहे. आधी कुटुंब, मग नातेवाईक, मग बाकी सगळं.

पण एवढ्यावर "घरचा मामला आहे, समजावून सांगू" म्हणत गप्प बसायचंही नव्हतं. कलम ७५ नुसार ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारहाण केली किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं आणि त्यातून मुलाला त्रास झाला, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बापाला वेगळी सूट नाही. त्याच कलमात, आईबापांनी परिस्थितीपुढे हतबल होऊन मूल टाकलं असेल तर ते जाणूनबुजून केलेलं मानू नये, अशीही तरतूद आहे. दोन्ही बाजू वाचल्या की कायदा गावाला वाटतो तितका आंधळा नाही हे कळतं.

शेवटी सेविकेने जिल्हा बाल संरक्षण कक्षाला फोन केला. यावर बैठकीत बराच वाद झाला. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला किंवा कक्षाला फोन म्हणजे पोलिसांची गाडी येणार आणि पोरं उचलून नेणार, ही समजूत गावात पक्की आहे. प्रत्यक्षात आल्या त्या कक्षाच्या सामाजिक कार्यकर्त्या, एसटीने. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीने, म्हणजे अशा मुलांबाबत आदेश देणाऱ्या मंडळाने, चौकशी लावली की सामाजिक तपास अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. समिती कलम ३७ खाली मुलांना घरीच, पण देखरेखीखाली ठेवण्याचा आदेश देऊ शकते. या प्रकरणात तेच झालं. आई आणि थोरली जिल्ह्याच्या ठिकाणी समितीपुढे जाऊन आल्या, बापाकडून हमीपत्र लिहून घेतलं गेलं आणि देखरेखीची जबाबदारी त्या कार्यकर्तीकडे आली. कळवणं म्हणजे घर मोडणं, ही भीती घालवायला अशी एक फेरी दहा भाषणांपेक्षा उपयोगी पडते. फोनमुळे बापाला हेही कळलं की गोष्ट आता पारापुरती राहिलेली नाही.

मुलीशी बोलायचं कोणी, यावर कार्यकर्ती ठाम होती. गावच्या समितीसमोर बोलवायचं नाही. पुन्हा पुन्हा तेच विचारायचं नाही. "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही. तिने थोरलीला पाणी भरायला जाताना सोबत गाठलं आणि हापशावर दोघी बोलल्या. याच बोलण्यात, मारण्यापलीकडे काही घडतं का, याचीही वाट मोकळी ठेवावी लागते. तसं काही नव्हतं. असतं, तर गावात बसून विचार करायचा प्रश्नच नव्हता : मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि पंच बसवून ते मिटवायला गेलं तर मिटवणारेच अडचणीत येतात. आणि यायलाच हवेत.

घड्याळ

या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट कार्यकर्तीने एका वहीच्या पानावर केली. घरातल्या चौघांचा दिवस तिने तासातासाने मांडला.

आई पहाटे साडेचारला उठते. सातला टोळी निघते. अंगणवाडी त्यानंतर दोनतीन तासांनी उघडते, दुपारी बंद होते. शिवाय अंगणवाडीत बसायची सोय तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. धाकट्यासारख्या तीनच्या आतल्यांना वजन, लस आणि पाकिटं. शाळा साडेदहाला. बाप दुपारी तीनच्या सुमारास पिऊन घरी येतो. आई येते साडेसहाला, कापूस तोलून, मालकाकडे पैशाची वाट पाहून. वळ उठायचे ते तीन ते साडेसहाच्या मध्ये. धाकटा भुकेने आणि झोपेने किरकिर करायचा, बापाला झोपायचं असायचं, आणि पोराला गप्प करण्याची जबाबदारी थोरलीची असायची. ते गप्प झालं नाही की तुऱ्हाटी.

म्हणजे धोका दिवसभर नव्हता. साडेतीन तासांचा होता. आणि वर्षभरही नव्हता. दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा होता. हे पान पाहिल्यावर समितीतला सूर बदलला. "त्या माणसाला सुधारायचं" हे कोणालाच जमण्यासारखं वाटत नव्हतं. "साडेतीन तास मुलं घरी नकोत" हे मात्र सगळ्यांना जमण्यासारखं वाटलं.

माझं या सगळ्या प्रकरणातून बनलेलं मत इथेच सांगून टाकतो. आपल्याकडचे बालसंरक्षणाचे कार्यक्रम कचेरीच्या पंचांगाने चालतात. १४ नोव्हेंबरला बालदिन, त्या आठवड्यात प्रभातफेरी, फलक, प्रतिज्ञा. विदर्भात तो आठवडा वेचणीच्या ऐन भराचा असतो. ज्या मुलांसाठी फेरी काढायची ती शाळेत नसतातच, घरी पाळणा हलवत असतात किंवा आईबरोबर वावरात. पालक मेळावे मार्चअखेरीस, निधी संपवायला. गावातल्या मुलांवरच्या संकटाला कापसाचा हंगाम असतो, आणि तो ओळखला नाही तर कितीही जनजागृती केली तरी ती चुकीच्या महिन्यात होते.

सांभाळायची जागा

रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात एक चांगली तरतूद केलेली होती : कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं सोबत असतील, तर त्या बायकांपैकी एकीला मुलं सांभाळायला लावायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. खासगी वावरातल्या वेचणीला हे लागू नाही. पण बचत गटाच्या बैठकीत ही गोष्ट निघाली, तेव्हा एका बाईने लगेच हिशोब मांडला. तिच्या टोळीतल्या बायकांची मिळून सहाखालची सात मुलं होती.

गुडघेदुखीमुळे वेचणी सुटलेली एक बाई तयार झाली. जागा म्हणून समाजमंदिराची खोली. वेळ सकाळी पावणेसात ते संध्याकाळी सात. मधल्या काळात मोठी मुलं अंगणवाडीत. दर मुलामागे आईने रोज वीस रुपये द्यायचे, म्हणजे एकशेचाळीस. त्यात ज्याचं वावर वेचायचं त्या शेतकऱ्याने शंभर घालायचे. शेतकरी आधी हसले. मग त्यांच्याच लक्षात आलं की वेचणारे हात मिळत नाहीत म्हणून ते ऑटो पाठवून दुसऱ्या गावातून बायका आणतात. पोर कडेवर नसलेली बाई दहा किलो जास्त वेचते आणि वेळेवर येते. शंभर रुपये त्यांना महाग नव्हते. जे नाही म्हणाले त्यांच्याकडे टोळी उशिरा गेली. बायकांनी हे ठरवून केलं की आपसूक झालं, मी विचारलं नाही.

चटया, पाण्याचा माठ, दाराला मुलं बाहेर जाऊ नयेत अशी अर्धी फळी आणि एक झोळी, एवढा खर्च ग्रामपंचायतीने केला. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. एरवी हे पैसे वर्षाच्या शेवटी कसेबसे खर्ची पडतात. सरकारची पाळणाघर योजना कागदावर चांगली आहे, पण ती या गावात यायची वाट पाहिली असती तर वेचणी संपली असती.

धाकट्याचं काय झालं ते थोडक्यात. समाजमंदिरात त्याला दिवसातून पाच वेळा खायला मिळू लागलं, घरपोच आहाराचं पीठ तिथेच शिजायला लागलं, वर तेलाचा चमचा. चार महिन्यांनी वजन साडेनऊ किलो. खपल्या गेल्या.

थोरलीचं इतकं सरळ नाही झालं. ती शाळेत परत गेली, पण पहिले काही दिवस मधल्या सुट्टीत धावत समाजमंदिरात येऊन भावाला पाहून जायची. गुरुजींनी तिला अडवलं नाही, हे बरं केलं. गैरहजेरीवरून वर्गात बोलले नाहीत, पाढे आणि भागाकार मागे पडले होते ते शाळा सुटल्यावर घेतले. तिला एक गोष्ट मात्र आवडली नव्हती. सांभाळणाऱ्या बाई धाकट्याला पालथं झोपवायच्या. "तो तसा झोपत नाई," ती त्यांना रोज सांगायची. एका मुलीकडून जबाबदारी काढून घेताना तिच्याकडून आणखी काहीतरी काढलं जातं, आणि त्याचं काय करायचं हे कोणत्याही मार्गदर्शक सूचनेत लिहिलेलं नसतं. बाईंनी शहाणपणा केला. भावाची झोळी संध्याकाळी बांधायचं काम तिच्याकडे ठेवलं.

बाप

हा भाग सगळ्यात कच्चा आहे.

कार्यकर्ती पहिल्यांदा बोलायला गेली तेव्हा तो म्हणाला, "माह्या पोरीले मी मारो का काई करो, तुमाले काय करा लागते?" हा एकट्याचा उद्दामपणा नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतली १२,४४७ मुलं होती. दर तीनपैकी दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना मारणारे आईबापच होते. पोरांना मारणं हा आपल्याकडे बापपणाचा भाग मानला जातो. बचत गटाच्या बैठकीतही "मारलं नाई तं पोट्टे आयकतेत का?" असंच सुरुवातीला ऐकू आलं होतं. तिथे आशाताईंनी भाषण टाळलं. पोर किंचाळायला लागल्यावर आपल्याला नेमकं काय होतं, हात कधी उठतो, त्याआधी काय झालेलं असतं, हे एकेकीला सांगायला लावलं. बहुतेकींचं उत्तर सारखं निघालं : उपाशीपोटी, संध्याकाळी, चूल पेटत नसताना. मग बोलणं त्या वेळेवर आलं. रडणाऱ्या पोराला सुरक्षित जागी ठेवून दोन मिनिटं बाहेर अंगणात जायचं, शेजारणीला हाक मारायची, भाकरीचा तुकडा आधीच काढून ठेवायचा. अशा पंधरा मिनिटांच्या गप्पा दर शनिवारी चालल्या.

पुरुषांसाठी घेतलेली बैठक साफ पडली. तिघे आले, त्यातला एक चहासाठी.

बापाजवळ पोहोचता आलं ते तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळामुळे. गावात संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होते, आणि हा गडी पूर्वी भजनात खंजिरी वाजवायचा. मंडळातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं तो अजून ऐकायचा. त्यांनी त्याला शपथ घालायची तयारी केली होती : देवापुढे उभं राहून उद्यापासून बंद. आशाताईंनी ते थांबवलं, आणि हे फार महत्त्वाचं होतं. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात सोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरणं, झटके, भ्रम होऊ शकतो. जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग शपथ. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी २०१५ पासून प्रेरणा हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प आहे. त्यातून जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकापर्यंत त्याला नेलं. तो दोनदा गेला. तिसऱ्यांदा गेला नाही.

दारूबंदीने हे सुटलं असतं का, असं लोक विचारतात. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. त्यावर भांडायला हे प्रकरण पुरेसं नाही. या गावात परवान्याचं दुकानच नव्हतं, त्यामुळे बाटली आडवी करायला मतदान कशावर घेणार? हातभट्टी नाल्याच्या काठी होती.

म्हाताऱ्या गृहस्थांनी शेवटी एक साधी गोष्ट त्याच्याकडून कबूल करून घेतली. "पेला असशीन त्या दिवशी घरी नोको जाऊ. अठीच झोप." मंडळाच्या ओसरीवर एक घोंगडी ठेवली. आईसोबत कार्यकर्तीने दुसरी बाजू ठरवली : तो पिऊन घरी आलाच, तर मुलांनी कोणत्या दाराने निघायचं, शेजारच्या कोणत्या घरी जायचं, त्या घराने कोणाला फोन करायचा. थोरलीकडून हे दोनदा चालवून घेतलं. औषधाचे डबे आणि पंप शेजाऱ्याच्या गोठ्यात कुलपात गेले. त्यामागे मुलांइतकीच बापाचीही काळजी होती, हे आशाताईंनी आईला एकटीला सांगितलं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी ही तयारी कामाला आली. तो घरी आला, थोरलीवर हात उचलला, एक रट्टा बसला. ती धाकट्याला घेऊन मागच्या दाराने शेजारी गेली. शेजारणीने आशाताईंना, आशाताईंनी कार्यकर्तीला कळवलं, आणि बाल कल्याण समितीने त्याला बोलावून लेखी समज दिली. देखरेखीची मुदतही वाढवली. त्याआधी अशा प्रसंगानंतर मुलगी आठवडाभर शाळेत नसायची. या वेळी दुसऱ्या दिवशी होती. हे यश म्हणावं की नाही, माझं मला ठरत नाही. एक रट्टाही नको होता.

तान्ह्या पोळ्याला गावातले सगळे बाप पोरांचे लाकडी बैल सजवून चौकात येतात. बैठकीला न येणारे पुरुष तिथे आयते उभे असतात. म्हणून पुढच्या तान्ह्या पोळ्याला समितीने बक्षीस वाटपाआधी दहा मिनिटं घेतली. हापशावरच्या गप्पांत थोरलीने सांगितलेलं एक वाक्य, नाव न घेता आणि तिची परवानगी घेऊन, गुरुजींनी सांगितलं : मारण्यापेक्षा मार कधी पडेल याची वाट पाहण्याची भीती जास्त वाटते. टाळ्या झाल्या नाहीत. दोनचार जण खाली पाहत होते.

पैसा

गावात कोणीतरी पसरवलं की फॉर्म भरला की मुलामागे पैसे मिळतात, आणि पंचवीस-तीस घरांतून अर्ज आले. महाराष्ट्राच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वात ४,००० आहेत, त्यासाठी ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० च्या आत लागतं. दोन्हींचा मुख्य रोख एकल पालक, अनाथ किंवा गंभीर आजारी आईबापांची मुलं यांच्यावर. आईबाप दोघं असलेलं, पण एक दारूत बुडालेलं घर या चौकटीत नीट बसत नाही. देखरेखीच्या आदेशाच्या आधारे अर्ज दिला आहे. नवरा सोडून गेला असता तर काम लवकर झालं असतं, असं एका कर्मचाऱ्याने आईला सांगितलं. त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, पण आईने ते घरी येऊन तीनदा बोलून दाखवलं.

फायनान्सचा एक हप्ता बचत गटाच्या अंतर्गत कर्जातून फेडला गेला. दुसरा चालू आहे.

यंदाचा हंगाम

यंदा समितीची बैठक दसऱ्याच्या आधीच झाली. वहीत पहिल्यांदाच घरांची यादी आहे : वेचणीला जाणारी आई, तीनच्या आतलं मूल, घरी पाहणारं मोठं माणूस नाही, अशी अकरा घरं. गुरुजींनी सलग तीन दिवसांच्या गैरहजेरीनंतर आशाताईंना फोन करायचा, हे ठरलं. किराणा दुकानदाराने लहान मुलांच्या हाती खर्रा द्यायचा नाही, हेही ठरलं. तो कितपत पाळेल कोण जाणे.

मुलांची संख्या वाढल्याने सांभाळायला दुसरी बाई लागणार आहे. पहिल्या बाईंनी रोजचे तीनशे मागितले आहेत. दोन मोठ्या शेतकऱ्यांनी आपला वाटा दीडशे करायला होकार दिला. तिसऱ्याचं म्हणणं, कापसाला भाव नाही, मी शंभरच्या वर जाणार नाही. त्याच्या वावराची पहिली वेचणी कधी घ्यायची, हे टोळीने अजून सांगितलेलं नाही.